वळणावरचं औक्षण

नेरूळच्या आमच्या घरात सकाळचे आवाज ठरलेले होते. आधी आजीचं खोकणं, मग दूधवाल्याच्या सायकलची घंटी, मग बाबांचा रेडिओ. दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली आणि या सगळ्यांच्या आधीचा एक आवाज सुरू झाला, दाराची कडी सरकल्याचा. ती इतक्या हलक्या हातानं सरकवायची, की एखाद्याला वाटावं ही घरातून काहीतरी चोरून नेते आहे. नेत काहीच नव्हती. दादाचे कॅनव्हासचे बूट पायांत घालून ती धावायला जायची.

ईरा, कबीर, तुमच्या आईनं मागच्या आठवड्यात तुमच्या शाळेच्या शर्यतीचे फोटो पाठवले आणि विचारलं, "आपल्या घरात पूर्वी कोणी धावायचं का गं आई?" मी फोनवर म्हटलं, नंतर सांगते. नंतर म्हणजे आता सांगते आहे, आणि लिहून सांगते आहे, कारण तोंडानं सांगताना मी हे हसण्यावारी नेलं असतं. पूर्वी दोन-तीनदा तसं नेलंही आहे. जी मामीआजी तुम्हाला दर दिवाळीला कुरिअरनं करंज्या पाठवते, ती माझी वहिनी. तिची ही गोष्ट.

आम्ही गिरगावातल्या दोन खोल्या सोडून नव्या वसाहतीत आलो त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. इमारती कमी आणि रस्ते फार, असा तो काळ होता. नकाशात सेक्टर आणि जमिनीवर कमरेएवढं गवत. दिवसभर कुठे ना कुठे पाया खणत असायचे, त्याची धडधड जेवतानासुद्धा ताटाला जाणवायची. बाबा सरकारी नोकरीत होते आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. दुसऱ्या पदाचा त्यांना अभिमान जास्त होता. मी वाशीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए करत होते, आणि मला घरातल्या पुष्कळ गोष्टींची लाज वाटायची. आजी बाल्कनीतून भाजीवाल्याशी भांडायची त्याची, बाबा पाहुण्यांसमोर मला इंग्रजीत बोलायला लावायचे त्याची, आणि वहिनी मला 'वन्सं' म्हणायची त्याचीही. ती सगळी लाज किरकोळ होती हे मला पुढे कळलं.

वहिनीचं माहेर सातारा जिल्ह्यात, माणच्या बाजूला. तिकडे पाऊस कमी, रस्ते लांब आणि शाळा त्याहून लांब. ती शाळेत धावतच जायची, त्यातूनच जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरली होती. लग्न ठरवताना हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही मुलीला स्वयंपाक येतो का यापलीकडे विचारलं नव्हतं. आमच्याकडे भात-आमटी आणि मासे, तिला लागायची बाजरीची भाकरी. ती स्वतःपुरती एक भाकरी थापून सकाळी दुधात कुस्करून खायची. आजी म्हणायची, "घोड्याला घालतात तसं काय ते खातेस गं?" वहिनी हसून म्हणायची, "घोडा पळतो की आजी."

ती करावे गावाच्या बाजूनं खाडीकडे जाऊन परत यायची. एकदा मी हट्टानं तिच्याबरोबर गेले आणि पहिल्या वळणावरच धापा टाकत बसले. गावात बायका अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. त्यातली एक वहिनीला ओरडून म्हणाली, "काय गो बाय, रोज कोन लागतंय तुज्या मांगं?" वहिनी न थांबता ओरडली, "सासू!" सगळ्या अंगणाला हसू फुटलं. तो विनोद मी घरी सांगितला नाही. सांगितला असता तर आई दुखावली असती, कारण आई खरंच तिच्या मागे लागलेली नव्हती. आईला फक्त खालच्या मजल्यावरच्या देसाईकाकूंची भीती वाटायची. देसाईकाकूंनी एकदा जिन्यात विचारलं होतं, "तुमची सून पहाटे कुठे जाते हो, ट्रॅक पँट घालून?" आईनं त्यावर "दूध आणायला" असं उत्तर दिलं होतं, आणि त्याच वेळी दूधवाला जिन्यातून पिशव्या घेऊन वर येत होता.

वसाहतीत दरवर्षी एक दौड व्हायची. लोक तिला मॅरेथॉन म्हणायचे. अंतर मॅरेथॉनचं नव्हतं, त्याच्या पावपटही नसेल, पण शहराला मॅरेथॉन असते आणि आपण आता शहर झालो आहोत असा सगळ्यांचा आग्रह होता. पहिल्या वर्षी म्हणे धावणारे थोडे पोलीस, कारखान्यांतले कामगार आणि शाळांची पोरं एवढेच होते. रस्त्यावर टाळ्या वाजवायला माणूसच नव्हतं. म्हणून समितीनं पुढच्या वर्षी सोसायट्यांना विनंती केली, की आपापल्या फाटकापुढे उभं राहून स्वागत करा. मग काय विचारता! कोणी रांगोळी काढायचं, कोणी कोकम सरबत ठेवायचं, एका सोसायटीनं तर सनईवाला बसवला. सोसायट्यांमध्येच शर्यत लागली. बायकांची दौड पुढे वेगळी सुरू झाली, तेव्हा स्वागताला आणखी जोर आला. आता दर जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन टीव्हीवर बघते, तेव्हा कडेला उभी असलेली माणसं पाहून मला धावणाऱ्यांची काळजी वाटते. घरातल्या कोणाला सांगितलं तर हसतात.

वहिनीला त्या दौडीत धावायचं होतं. तिनं ते दादाला सांगितलं, दादानं आईला, आईनं बाबांना. आमच्या घरात गोष्टी अशाच वर चढत जायच्या. शिवाय एका शाळेतले क्रीडाशिक्षक तिला पहाटे धावताना पाहायचे. त्यांनी तिला सांगितलं होतं, की पुण्याला बायकांचं एक मोठं सराव शिबिर आहे आणि या दौडीतून ते धावपटू निवडणार आहेत. तिथून पुढे राज्याच्या संघाची वाट होती. बाबांनी त्यावर दोन दिवस घेतले. तिसऱ्या रात्री कोलंबीच्या आमटीवर त्यांनी निकाल दिला.

"हे बघ सुरेखा, आम्ही काही जुन्या विचाराचे नाही. धाव. पण आता तू संसाराला लागलीस, अर्धवट हौशी किती दिवस करायच्या? पहिली आलीस तर पुण्याला जा, मी स्वतः पोचवायला येईन. नाही आलीस, तर हौस झाली म्हणायचं. कबूल?"

वहिनीनं आमटीची वाटी खाली ठेवली. "कबूल बाबा."

"पुन्हा रडारड नको."

"मी रडत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्यानंतर आईत एक बदल झाला. इतके दिवस जे लपवायचं होतं तेच आता मिरवायचं ठरलं. ती देसाईकाकूंना आपण होऊन सांगू लागली, "आमची सून धावणार आहे बरं का! अहो, आम्हीच म्हटलं, गुण आहे तर धाव." तिला वहिनीचं कौतुक खरंच होतं. पण कौतुकात एक भीतीही होती, की लोक म्हणतील सून मोकाट सुटली आहे. म्हणून ही घरच्यांच्या मानातली सून आहे, हे चार लोकांना दिसावं असं तिला फार वाटत होतं. आज मी आईच्या त्या वेळच्या वयाहून मोठी आहे, आणि मला तिचं मन कळतं. कळतं म्हणून लाज कमी होत नाही.

दौडीच्या सकाळी वहिनी भाकरी खाऊन दादाबरोबर मैदानावर गेली. दादा शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन थांबणार होता. बायकांचा मार्ग मैदानावरून करावे गावाकडे, तिथून वळून शिरवण्याच्या बाजूनं आमच्या सोसायटीवरून परत मैदानावर असा होता. आमचं फाटक नेमकं शेवटच्या वळणावर. तिथून मैदान इतकं जवळ, की लाऊडस्पीकरवरचा शब्दन् शब्द ऐकू यायचा. आजीसाठी आम्ही खुर्ची खाली आणली. बाबांनी परीटघडीचा पांढरा शर्ट घातला होता. देसाईकाका-काकू होते, सोसायटीतली बाकीची बिऱ्हाडं होती. आणि आईच्या हातात तबक होतं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, पेढा आणि निरांजन.

तुम्हाला वाढदिवसाला मी स्क्रीनवरून ओवाळते ना, तेच हे औक्षण. कोणी मोठ्या कामाला निघालं, काही मिळवून आलं, की घरातली बाई त्याला ओवाळते, त्याच्या तोंडात गोड घालते आणि ओवाळलेला माणूस वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. सगळ्यांच्या. एकाच्या पडला आणि दुसऱ्याच्या नाही, असं चालत नाही. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की काम अजून संपलेलं नाही, माणूस अजून कामाच्या मध्येच आहे, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी इंग्रजी कादंबऱ्या वाचायचे. माझ्या हातात काडेपेटी होती.

लाऊडस्पीकरवर सांगत होते की महिलांमध्ये एक धावपटू बरीच पुढे आहे. मग वळणावर ती दिसली. एकटी. दादाची ट्रॅक पँट, वेणी अंबाड्यात खोचलेली, आणि चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता असा. त्या चेहऱ्यावर सून नव्हती, वहिनी नव्हती, कोणीच नव्हतं. पार मागे, रस्त्याच्या टोकाला, दुसरी मुलगी नुकती दिसू लागली होती. ती घणसोलीची होती, तिच्याबरोबर तिचा भाऊ सायकलवरून येत होता. आमच्या लोकांनी टाळ्या सुरू केल्या. बाबा चवड्यांवर उभे राहिले. आणि आई तबक घेऊन रस्त्याच्या मधोमध गेली.

"थांब गं, एकच मिनिट! ओवाळते!"

वहिनीनं आईकडे पाहिलं. पाय थांबले नाहीत, ती जागच्या जागी धावत राहिली.

"अगं नाचू नकोस, कुंकू नाकावर जाईल," आई म्हणाली आणि लोक हसले. मीही हसले. वहिनी थांबली.

कुंकू लागलं. निरांजन आधीच वाऱ्यानं विझलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. खाडीवरचा वारा त्या रुंद रस्त्यांवरून कसा यायचा ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या हो, तसंच ओवाळा." त्यावर आजी खुर्चीतून म्हणाली, "विझल्या दिव्यानं ओवाळतात होय? अपशकुन." बाबा पुढे आले, त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि ज्योत लागली. वहिनीच्या छातीचा भाता वरखाली होत होता. कुंकू घामाबरोबर ओघळून भुवईपर्यंत आलं होतं. तिनं एकदाही 'सोडा' म्हटलं नाही. फक्त एकदा मान वळवून मागे पाहिलं.

आईनं ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि धापा टाकणाऱ्या तिच्या तोंडात पेढा घातला. तिला ठसका लागला. तशीच ती वाकून आईच्या पाया पडली. वाकलेली सरळ होते तोच आजी म्हणाली, "ये हो बाई, शंभर वर्षांची हो." ती आजीच्या पाया पडली. बाबा तिथेच उभे होते, हात आशीर्वादाला उचललेला. ती बाबांच्या पाया पडली. मग देसाईकाकू म्हणाल्या, "आमच्या नाही पडलीस तरी चालेल हो!" या वाक्याचा अर्थ आमच्यात काय असतो हे तुम्हाला तुमची आई सांगेल. वहिनी देसाईकाकूंपुढे वाकली असताना घणसोलीची मुलगी आमच्या पलीकडून गेली. तिचा भाऊ सायकलवरून ओरडत होता, "धाव गो, धाव! ती पाया परतेय, तवर धाव!"

वहिनी देसाईकाकांच्या पाया पडली नाही. ती सुटली. तशी धावताना मी कोणाला पाहिलेलं नाही. पण मैदान इतकं जवळ होतं, की त्या मुलीला गाठायला अंतरच उरलं नव्हतं. लाऊडस्पीकरवर आधी घणसोलीच्या मुलीचं नाव ऐकू आलं, आणि आम्ही सगळे तबकाभोवती उभे होतो. आजीनं विचारलं, "आपली कितवी आली?" देसाईकाका हळूच म्हणाले, "मी म्हणत होतो, जाऊ द्या तिला." ते काही म्हणालेले नव्हते.

दादानं नंतर मला सांगितलं, की तिनं रेष ओलांडली तेव्हा तिच्या गालावर लाल ओघळ पाहून त्याला वाटलं ती पडली, डोकं फुटलं. त्यानं घाबरून टॉवेल लावला आणि विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय नाही. आईंनी ओवाळलं."

दुपारी पुरणपोळी होती. आईनं पहाटेच पुरण वाटून ठेवलं होतं, त्यामुळे करणं भागच होतं. ताटांवर आम्ही सगळे बसलो, वहिनी वाढत होती. खणण्याची धडधडही त्या दिवशी सुट्टीमुळे बंद होती, त्यामुळे चावण्याचेसुद्धा आवाज ऐकू येत होते. बाबांनी पोळीवर तूप घेतलं आणि म्हणाले, "दुसरी म्हणजेसुद्धा काही कमी नाही." हे कौतुक नव्हतं. तो निकाल होता आणि तो आम्हा सगळ्यांना कळला.

आईचा घास हातातच राहिला. "माझ्यामुळे थांबली हो ती."

"तुला कोण दोष देतंय? तू प्रेमानंच केलंस. तिनं म्हणायचं होतं, आई, नंतर ओवाळा. तोंड आहे की तिला. निघून जायचं होतं पुढे."

वहिनी बाबांच्या ताटात दुसरी पोळी वाढत होती. ती वाढून झाल्यावर ती म्हणाली, "तशी पुढं निघून गेले असते, बाबा, तर आत्ता ह्या घरात कोणत्या तोंडानं वाढलं असतं?"

ती चिडून बोलली नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं. बाबांनी पाण्याचं भांडं उचललं, ते रिकामं होतं, तरी ते त्यातून प्यायले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते क्रीडाशिक्षक घरी आले. बाबांनी त्यांना चांगल्या कपात चहा दिला. ते म्हणाले, "साहेब, शिबिराला दुसरी आलेली मुलगीही चालते. आणि मी तर सगळं पाहिलं. थांबली नसती तर तिच्या आसपास कोणी नव्हतं. तुम्ही फक्त हो म्हणा." आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो. आईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. वहिनी तांदूळ निवडत होती. बाहेर दादा पंख्याच्या बटणाशी चाळा करत बसला होता, त्याचा टकटक आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "कळवतो."

बाळांनो, आमच्या घरात 'नाही' हा शब्द पाहुण्यांसाठी वापरत नसत. मुलगी पसंत नसली, वर्गणी द्यायची नसली, लग्नाला जायचं नसलं, तरी 'कळवतो'. ऐकणाऱ्यालाही ते समजायचं. शिक्षकांनी कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि गेले. आई म्हणू शकली असती. दादा म्हणू शकला असता, त्याची तर बायको होती. मी शिकलेली, घरातली लाडकी, माझं बाबा ऐकत असत. पण बाबांना अट मोडायला सांगायचं, म्हणजे दौडीच्या दिवशी रस्त्यावर काय झालं ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं. आम्ही इतके शरमलो होतो, की तो विषय निघू नये म्हणून आम्ही तिला घरात ठेवून घेतलं. लाजेनं माणूस चांगलं वागतो असं शाळेत शिकवतात. माझा अनुभव तसा नाही.

वहिनी त्यानंतर कुठल्याच दौडीत उतरली नाही. पुढच्या वर्षी आई तिच्या मागे लागली, अक्षरशः हात जोडले, "धाव गं, मी फाटकापाशी येणारसुद्धा नाही." वहिनी म्हणाली, "आता सवय गेली, आई." तिच्या आवाजात राग शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. राग सापडला असता तर बरं वाटलं असतं. मग तिला मुलं झाली, गुडघे धरले. आईच्या शेवटच्या आजारपणात तिनंच सगळं केलं.

एक मात्र मला लिहून ठेवलं पाहिजे. पुण्याचं शिबिर सुरू होणार होतं त्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा आंघोळ करून, बाहेर जायचे कपडे घालून, बूट चढवून बाहेरच्या खोलीत बसले होते. रविवार होता, त्यांना कुठे जायचं नव्हतं. समोर वर्तमानपत्र होतं, पण पान उलटत नव्हतं. आई दाराशी उभी होती. वहिनी चहा घेऊन आली. बाबा वर्तमानपत्राकडे बघत म्हणाले, "पुण्याच्या गाड्या सकाळच्या पुष्कळ असतात म्हणे."

"असतील," वहिनी म्हणाली.

"हायवेवर गेलं की मिळतात."

"व्हय."

बाबांना वाटत होतं तिनं मागावं. ती मागणार नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, कारण तो चेहरा मी एकदा वळणावर पाहिला होता. बाबांनी चहा संपवला. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एका नाडीला गाठ बसली. ती सुटेना. वहिनीनं रिकामा कप बाजूला ठेवला, खाली बसली आणि त्यांच्या पायाशी वाकून गाठ सोडवू लागली.

"राहू दे, राहू दे," बाबा म्हणाले. पण पाय मागे घेतला नाही.